पणजोबांच्या जन्माला ऊन किती होतं? (घरातल्या तारखा, हवापाणी आणि आजूबाजूचा इतिहास)

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. दिवाळीला आमच्याकडे सगळी भावंडं, चुलत-मावस मिळून जमणार आहेत. तोवर पणजोबांच्या आयुष्याची एक वही तयार करायची माझ्या डोक्यात आहे. जन्म, लग्न, मुलं, मृत्यू, आणि प्रत्येकाच्या बाजूला तेव्हा पुण्यात काय चाललं होतं, पाऊसपाणी कसं होतं, असं.

अडचण अशी की कागद उरलेले नाहीत. आमची ट्रंक १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेत तळमजल्यावर होती. पानशेतच्या पुराचा दिवस. पुणेकरांना यापुढचं सांगावं लागत नाही. उरलंय ते एवढंच: पणजोबांच्या मृत्यूचा दाखला (डिसेंबर १९६७), आजोबांची पत्रिका आणि त्यांच्या जन्माचा प्रसूतिगृहातला कागद, आत्याआजीचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि खुद्द आत्याआजी. तिचं वय नव्वदीच्या घरात. ऐकू कमी येतं, पण आठवण शाबूत आहे.

ती सांगते ते असं. पणजोबांचा जन्म 'प्लेगच्या साली, चैत्र सरता सरता', गावाबाहेर माळावरच्या झोपडीत. शहरात तेव्हा गोरे सोजीर घरं तपासत होते. ऊन इतकं की बाळंतिणीच्या दाराशी टांगलेलं ओलं फडकं घटकेत खडखडीत वाळायचं. पणजोबांचे थोरले भाऊ मानमोडीच्या (इन्फ्लूएन्झाच्या) साथीत गेले, त्या वर्षी पाऊसही नव्हता. पणजोबांचं लग्न सासवडजवळ, मुलीकडे. मांडवात गारा पडल्या, आणि अक्षता पडतात तोच टिळक गेल्याची बातमी आली. (ही आमच्याकडची सगळ्यात आवडती गोष्ट. प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच.) आत्याआजी स्वतः जन्मली १९३५ च्या संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, पण दाखल्यावर तारीख १ जून १९३४. आजोबा फेब्रुवारी १९४३ चे. पणजोबा गेले ते कोयनेच्या भूकंपानंतर चारच दिवसांनी.

यातलं काय ताडून बघता येईल? जुनं हवामान कुठे मिळतं? ओळखीतून नव्हे, रीतसर.

जुनाबाजार

वाचतोय, छान धागा. १ जूनबद्दल काळजी नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय विचारायचं, बापाने आढ्याकडे बघायचं, आणि गुरुजींनी १ जून लिहून मोकळं व्हायचं. डेक्कन क्वीनही १ जून १९३० लाच सुरू झाली. तिचा आणि निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकच.

हवाखातं

आत्याआजींना माझा नमस्कार सांगा आणि दाखला बाजूला ठेवा. १९३५ च्या संक्रांतीनंतर तिसरा दिवस म्हणजे १७ जानेवारी. पुणे वेधशाळेच्या नोंदीत आजवरचं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, आणि ते १७ जानेवारी १९३५ चंच आहे. त्या पहाटेच्या थंडीबद्दल त्या काही सांगतात का?

आता १८९७. पुण्याचा एप्रिल महिन्याचा उच्चांक ४३.३ अंश, तारीख ३० एप्रिल १८९७. त्या साली चैत्र एप्रिलच्या सुरुवातीला लागून महिनाअखेरीस संपला. म्हणजे 'चैत्र सरता सरता' आणि 'फडकं घटकेत वाळायचं' या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन बसतात. पण म्हणून वहीत 'जन्म ३० एप्रिल, तापमान ४३.३' असं लिहू नका. एवढं ऊन एका दिवसात उगवत नाही. आधीचे आठ-दहा दिवसही भाजून काढणारे असणार, त्यांतला कुठलाही दिवस असू शकतो. 'एप्रिलचा शेवटचा आठवडा, त्याच आठवड्यात पुण्याने एप्रिलचा उच्चांक पाहिला' इतपत लिहिलंत तर कुणी बोट ठेवणार नाही.

नोंदी कुठे मिळतील: शिवाजीनगरला. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या चौकाला आजही रिक्षावाले सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण जुन्या नोंदींचं भांडार इथेच आहे. रीतसर अर्ज करून, शुल्क भरून आकडे मागता येतात. खात्याचे रोजचे हवामान अहवाल १८७८ पासूनचे आहेत. १९०१ पासूनचा देशभरचा रोजचा पाऊस चौकटी-चौकटींनी संगणकावर आहे, पण ती चौकट म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा चौकोन. त्यात तुमचा मांडव शोधू नका.

आणखी एक खाचखळगा. खात्याचा 'आजचा पाऊस' म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा. दुपारी लग्नात पाऊस आला असेल तर तो दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली सापडेल. अनेक जण आपल्याच तारखेसमोर शून्य बघून आजीला खोटं पाडतात.

पर्वतीपायथा

बापरे! आत्याआजीला फोनवर १.७ सांगितलं. ती म्हणाली, "मग आई सांगायची ते काय उगीच? बंबाशेजारी बाज टाकली होती तिची, आणि रात्रभर शेगडी विझू दिली नव्हती." आता ती शाळेच्या दाखल्यावर राग काढतेय.

ओंकारेश्वरघाट

प्लेगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'प्लेगच्या साली' हे वाक्य पुण्यात फार फसवं आहे. प्लेग एकदा येऊन गेला नाही. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर सुरू झाला, पुढच्या काही महिन्यांत पुण्यात आला आणि मग वर्षानुवर्षं परत परत येत राहिला. माळावर झोपड्या घालून राहणं तर पुढे लोकांच्या अंगवळणी पडलं. नुसतं 'प्लेग' आणि 'झोपडी' एवढ्यावर दहा-पंधरा वर्षांतलं कुठलंही साल निघेल.

तुमच्या गोष्टीत साल पक्कं करणारा तपशील वेगळाच आहे: गोरे सोजीर घरात शिरून तपासणी करत होते. तो रँडच्या प्लेग कमिटीचा काळ, १८९७ चा मार्च ते मे. देवघरापर्यंत बूट घेऊन जाणं, सामान रस्त्यावर आणून जाळणं, संशयिताला उचलून नेणं या सगळ्याचा जो संताप साठला त्यातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रँडसोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. म्हणजे पणजोबा तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचे. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ ला गेल्या.

त्याच वर्षी दुष्काळही होता, हे आपण विसरतो. १८९६ चा पाऊस फसला होता. पणजोबांच्या आईवडिलांनी माळावर झोपडी घातली ती दाणा महाग असताना. आत्याआजींना विचारा, झोपडी नेमकी कुठे होती? घरातली माणसं दिशा सांगतात सहसा.

मानमोडीचं सोपं आहे. १९१८. जूनमध्ये मुंबईत साथ आली ती सौम्य होती, खरी जीवघेणी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नवरात्र-दसऱ्याच्या आगेमागे. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आणि 'पाऊसही नव्हता' हे शंभर टक्के खरं: १९१८ चा मोसमी पाऊस देशभर सपशेल फसलेला आहे.

पर्वतीपायथा

झोपडी 'पर्वतीच्या पलीकडे' म्हणते. पलीकडे म्हणजे कुठलं पलीकडे ते तिलाही माहीत नाही.

मी एक तक्ताही करायला घेतलाय. डावीकडे घरातलं, उजवीकडे देशातलं: १९०५ वंगभंग, १९१९ जालियनवाला, १९३० दांडी, १९३२ पुणे करार... तुमच्या प्रतिसादांतलं सगळं त्यात घालते.

टोमणेबहाद्दर

तक्ता फाडा.

रागावू नका, पण हे दरवेळी बघतो. पणजोबा नारायण पेठेत, आणि शेजारच्या रकान्यात जालियनवाला बाग. त्यांचा काय संबंध? शाळेच्या पुस्तकातला सनावळीचा धडा उचलून पणजोबांना त्यात बसवलं, एवढंच होतं. त्यांच्या दाराशी काय आलं ते लिहा. प्लेग आला. मानमोडी आली. पुण्यात १९२० साली वीज आली, ती त्यांच्या वाड्यात केव्हा आली? बायकोने चुलीवरून स्टोव्हवर उडी केव्हा मारली? पुणे करार शहरातच झाला, २४ सप्टेंबर १९३२ ला, येरवड्यात. तो ठेवा हवा तर, पण घरात त्याबद्दल कुणी काही बोलल्याचं आठवत असेल तरच. नाहीतर तोही दांडीइतकाच लांबचा.

ओंकारेश्वरघाट

+१, पण 'फाडा' नको. दोन तक्ते करा. एकात फक्त घरात कुणाच्या तरी तोंडून आलेल्या घटना. दुसऱ्यात आपण बाहेरून आणलेल्या. दुसरा छोटा ठेवा.

कऱ्हाकाठ

मी पुरंदरची. लग्नाच्या गोष्टीवर बोलते, कुणीच बोललं नाही म्हणून. सगळ्यांना ती आवडली असणार, मलाही आवडली. पण ती होऊच शकत नाही.

टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला, मुंबईत, मध्यरात्र उलटल्यावर. ऐन चातुर्मास. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आपल्याकडे कुठल्या भटजीने मुहूर्त काढून दिला असता, तेही सासवडच्या बाजूला, १९२० साली? आणि ऑगस्टात गारा? आमच्याकडे श्रावणात बारीक सर येते, ऊन पडतं, पुन्हा सर येते. गारा पडतात त्या वळवाच्या पावसात, चैत्र-वैशाखात. दुपारी घामाच्या धारा, चारच्या सुमाराला वावटळ, मांडवाचं कापड फाटायला येतं, मग टपोरे थेंब आणि त्यांच्यामागून गारा. आंब्याचा मोहोर नाहीतर कैऱ्या गेल्या म्हणून म्हाताऱ्या बोटं मोडतात. आमच्या भागात वैशाखातल्या निम्म्या लग्नांच्या गोष्टींत हे असतंच.

माझं म्हणणं, गारा खऱ्या आहेत आणि टिळक मागाहून जोडले गेलेत. गारा कुणी गोष्ट रंगवायला घालत नाही. ज्याच्या ताटातला भात भिजला त्याला त्या आठवतात. टिळक मात्र रंगवायलाच घालतात. लग्न त्या उन्हाळ्यातलं असेल, टिळक त्याच पावसाळ्यात गेले. पुढे सांगताना 'आमचं लग्न झालं त्या साली टिळक गेले' याचं हळूहळू 'आमच्या लग्नात टिळक गेले' झालं.

जुनाबाजार

आता यांच्या पुढच्या लग्नात काय सांगायचं हो?

पर्वतीपायथा

जुनाबाजार, तोच प्रश्न आईने विचारला.

कऱ्हाकाठ, पटलं. पण मग एक शंका. टिळक काढले तर १९२० तरी कशावरून? साल त्यांच्यामुळेच कळलं होतं ना?

कऱ्हाकाठ

अगदी. म्हणून साल दुसऱ्या बाजूने पकडायला हवं. सगळ्यात मोठ्या मुलाचा किंवा मुलीचा काही कागद आहे का? पणजी लग्नात केवढी होती?

पर्वतीपायथा

पणजी 'बारा वर्षांची, परकर-पोलक्यातली'. थोरल्या आजीचा जन्म १९२४, तो पक्का आहे, नोकरीच्या कागदांवर आहे (आणि १ जून नाही!). थोरल्या भावाच्या जाण्यानंतर वर्षभर घरात मंगलकार्य झालं नाही, असंही आत्याआजी सांगते.

ओंकारेश्वरघाट

मग झालं की. भाऊ १९१८ च्या दसऱ्याच्या सुमारास गेले. त्यानंतर वर्ष पाळलं म्हणजे १९१९ चा वैशाख बाद. थोरली मुलगी १९२४ ची, पणजी लग्नात बारा वर्षांची, म्हणजे मधे काही वर्षं जायला हवीत. उरतात १९२० किंवा फार तर १९२१ चे उन्हाळे. टिळकांची आठवण १९२० कडे झुकते. 'लग्न १९२० च्या उन्हाळ्यात, बहुधा वैशाखात' असं लिहा. टिळक गोष्टीतून गेले तरी साल सांगायला उपयोगी पडले.

केसरी आणि ज्ञानप्रकाश दोन्ही चाळा. ज्ञानप्रकाश तेव्हा दैनिक होतं आणि गावोगावच्या वळवाच्या बातम्या छापायचं. सासवडला गारपीट होऊन फळबागा गेल्या असतील तर चार ओळी सापडतीलही.

हवाखातं

एक पुरवणी: सासवडच्या गारा शिवाजीनगरच्या नोंदीत शोधू नका. गारपिटीचा पट्टा कधी कधी एका गावापुरता असतो. वेशीपलीकडे धूळसुद्धा भिजत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रच बरं.

तसंच पानशेतचं. वहीत '१२ जुलै १९६१, पुण्यातला पाऊस इतके मिलिमीटर' असा आकडा टाकायचा मोह होईल. टाकू नका. पूर शहरातल्या पावसाने आला नाही. पुणे पर्जन्यछायेत आहे, वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. पानशेतकडे घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट पडतो. पानशेत धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं, भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी धरण फुटलं आणि खाली खडकवासलाही गेलं. नारायण पेठेतल्या माणसाच्या डोक्यावर काय पडत होतं याचा त्याच्या घरात शिरलेल्या पाण्याशी संबंध नाही.

जुनाबाजार

आमचे आजोबा त्या पुरानंतर गोखलेनगरला गेले. पुण्यातल्या घराण्यांचे कागद दोनदा गेले बघा. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कुणाकुणाचे, आणि १९६१ ला नदीकाठच्या पेठांमधले. तुमची ट्रंक एकटी नाही.

टोमणेबहाद्दर

कोयनेचं काय ठरलं? 'भूकंपाच्या धसक्याने गेले' असं लिहू नका म्हणजे मिळवलं.

पर्वतीपायथा

नाही लिहिणार. दाखल्यावर कारण छातीचा विकार आहे. भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे, पुण्यातही मांडणीवरची भांडी वाजली. पणजोबा उठून बसले आणि 'कुणाचं दार वाजतंय' म्हणाले, एवढं आत्याआजीला आठवतं. ते तसंच लिहीन.

आता शेवटचा गुंता. आजोबांच्या पत्रिकेत वार गुरुवार. प्रसूतिगृहातल्या कागदावर १२ फेब्रुवारी १९४३, सकाळी ७:४०. १२ फेब्रुवारीला शुक्रवार येतो. पत्रिकेत शके १८६४ लिहिलंय, त्यात ७८ मिळवले तर १९४२ येतं. म्हणजे पत्रिका साल आणि वार दोन्हीत चुकलीय का?

गुरुजी_नाही

पत्रिका कशातच चुकलेली नाही. ज्यांनी केली ते जाणकार होते.

आधी शक. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७८ नव्हे, ७९ मिळवायचे. १८६४ अधिक ७९, बरोबर १९४३.

आता वार. महायुद्धात सरकारने घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. प्रसूतिगृहातल्या घड्याळात ७:४० म्हणजे आजच्या प्रमाणवेळेने ६:४०. फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य उगवतो सातच्या थोडं नंतर. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. आजोबा जन्मले तेव्हा सूर्य उगवायचा होता, म्हणून पंचांगाने गुरुवार, कॅलेंडरने शुक्रवार. दोन्ही कागद बरोबर.

त्या काळातली कुठलीही जन्मवेळ असेल तर हा तास आधी तपासा. पत्रिकेच्या कोपऱ्यात 'यु. वे.' (युद्धवेळ) किंवा 'वॉर टाइम' असं बारीक लिहिलेलं असतं पुष्कळदा. संगणकावर पत्रिका करणारे ७:४० तसेच भरतात आणि लग्नरास बदलून बसते.

पर्वतीपायथा

आहे! मागच्या बाजूला शाईने 'यु. वेळ, १ तास वजा' लिहिलंय. आम्ही ती कित्येक वर्षं किराण्याची उधारी समजत होतो.

आजोबांना सांगितलं, तुम्ही कॅलेंडरने शुक्रवारचे. ते म्हणाले, "आयुष्यभर गुरुवारचा उपास केला, तोच चालू ठेवणार. शुक्रवारी मला चिकन लागतं."

कऱ्हाकाठ

आजोबा ग्रेट! वही झाली की लग्नाचं पान इथे टाका. गारांसकट.